खिशातलं अस्वल

स्वित्झर्लंड म्हटलं की काय आठवतं? बर्फ, चॉकलेट आणि शिफॉनच्या साडीत कुडकुडणारी हिरॉईन! मीही तेवढ्याच भांडवलावर झुरिचला ट्रेन पकडली. बर्न जेमतेम तासाभरावर. कॉफी संपेपर्यंत पोहोचलेसुद्धा!

बर्नच्या जुन्या शहरात पावसात छत्री लागत नाही. दगडी कमानींखालचे, छप्पर असलेले फूटपाथ, सगळे मिळून सुमारे ६ किलोमीटर. विंडो शॉपिंगसाठी भन्नाट जागा. फ्रीलान्सरला इथे नुसती विंडोच परवडते म्हणा! अशाच एका कमानीखाली जुन्या नाण्यांचं दुकान दिसलं. ट्रेमधलं एक काळपट नाणं उचललं. एका बाजूला झिजलेलं अस्वल, दुसऱ्या बाजूला क्रूस, मधोमध ‘सी’ हे अक्षर. साल १८२६.

"एक बाट्सन," दुकानातले आजोबा म्हणाले. "दहा बाट्सनचा एक फ्रँक. अस्वल म्हणजे आमचं बर्न."

"म्हणजे हे घेऊन मी झुरिचहून इथे आले असते?"

आजोबा हसले. "इथून निघाला असतात, तर झुरिचच्या वेशीपर्यंत."

मग खरी गोष्ट कळली. १७९८ मध्ये फ्रेंच आले आणि त्यांनी इथे एकच प्रजासत्ताक, एकच चलन करायचं ठरवलं. ते काही टिकलं नाही. १८०३ मध्ये नेपोलियनने टांकसाळीचा हक्क पुन्हा कँटनांना, म्हणजे तिथल्या छोट्या राज्यांना दिला. कँटन होते १९! चिल्लर पाडणं फायद्याचं, कारण त्यात तांबं जास्त, चांदी नावाला. मग जो तो चिल्लर पाडत सुटला. शेजारी ती नाकारायचा किंवा कमी भावाने घ्यायचा. बड्या व्यापाऱ्याकडे चांदीची मोठी नाणी असायची. मार बसायचा तो विणकराला, फेरीवाल्याला, मोलकरणीला. ज्यांची सगळी कमाईच चिल्लरीत, त्यांना.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडेही अंकुशी, चांदवडी असे किती रुपये होते, आणि बदलताना सराफ बट्टा कापायचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकच रुपया आणला, पण नावाला ‘बट्टा लागणं’ भाषेत राहिलंच.

आणि तो ‘सी’? कॉन्कॉर्डाट, म्हणजे करार. १८२५ मध्ये बर्न, बासेल, फ्रायबुर्ग, सोलोथुर्न, आरगाउ आणि वो या सहा कँटनांनी चिल्लरीला लगाम घालायचं आणि एकमेकांची नाणी चालवून घ्यायचं ठरवलं. झुरिच त्यात नव्हतं. तिथला हिशोब गुल्डनमध्ये. अख्ख्या देशाचा एकच फ्रँक ठरला तो १८५० च्या कायद्याने. जुनी नाणी १८५१-५२ मध्ये गोळा झाली. गंमत म्हणजे नव्या नाण्यांपैकी बरीचशी पाडून आली पॅरिस आणि स्ट्रासबुर्गहून!

किंमत १२ फ्रँक. दोन कॉफ्यांवर पाणी सोडलं आणि अस्वल विकत घेतलं.

परतताना मुद्दाम थांबत जाणारी ट्रेन घेतली. सोलोथुर्नमधलं ओल्टेन आलं: चालेल. आरगाउमधलं आराउ आलं: इथेही चालेल. पुढे झुरिच कँटन सुरू झालं. कुणी तिकीट विचारलं नाही, कुणी बट्टा मागितला नाही. तरी मी मूठ घट्ट मिटली. एखाद्या मोलकरणीची महिन्याची कमाई याच वेशीवर हलकी झाली असेल.