शेवटीं निवडला जाणारा मुलगा

अमेरिकेंत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्यानें कांहीं वर्षांपूर्वीं सुटींत येतांना एका जुन्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या तबकड्या मजसाठीं आणल्या. "मामा, शाळेची गोष्ट आहे, तुम्हांला आवडेल," एवढेंच तो म्हणाला. 'फ्रीक्स अँड गीक्स' हें तिचें नांव. मिशिगन राज्यांतील एका कल्पित गांवची १९८०-८१ सालची शाळा, तेथील उनाड मुलें आणि बावळट ठरलेलीं मुलें, असा तिचा विषय. पॉल फीग यांनीं निर्मिलेली ही मालिका २५ सप्टेंबर १९९९ रोजीं एन्‌बीसी वाहिनीवर सुरू झाली. प्रेक्षक थोडे पडले. १८ भाग तयार केलेले असतां १२ दाखवून होतांच, २००० सालीं, ती बंद केली गेली. त्याच वर्षीं पुढें तिला उत्तम पात्रनिवडीचें एमी पारितोषिक मिळालें, हा योग पाहण्यासारखा आहे!

मालिकेची नायिका लिंडसे वीअर ही हुशार विद्यार्थिनी. परंतु माझ्या मनांत राहिलीं तीं कडेचीं माणसें. तिचे वडील हॅरल्ड यांचें खेळाच्या सामानाचें दुकान. जेवतांना ते ज्या वाया गेलेल्या माणसाची गोष्ट सांगतील तो शेवटीं मेलेलाच असावयाचा. ती भूमिका करणारे जो फ्लाहर्टी २०२४ सालीं वारले, तेव्हां घरचें कोणी गेल्यासारखें वाटलें. मिली ही देवभीरु मुलगी. मेजवानींत बिअर पिणाऱ्यांच्या गर्दींत ती पियानोवर येशूचें गाणें गाते. अशा मुलीची थट्टा करणें लेखकास किती सोपें होतें! ती येथें केली आहे, पण तिला हलकी केलेली नाहीं.

आणि बिल. चष्मेवाला, लांबोडका बिल शाळेंतून घरीं येतो. आई कामावर. तो स्वतः चीजचें सँडविच भाजतो, केक घेतो आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी नट पाहून एकटाच पोट धरून हंसतो. एक शब्द बोलत नाहीं. मीं तबकडी तेथें थांबविली व थोडा वेळ अंगणांत जाऊन आलों.

हाच बिल खेळाच्या तासाला नेहमीं शेवटीं निवडला जाई. एके रात्रीं तो खेळशिक्षकांना टेलिफोनवर आवाज बदलून शिव्या देतो. शिक्षक आवाज ओळखतात. पण त्याचें म्हणणें ऐकून पुढें संघ निवडण्याचें काम ते त्या मागें पडलेल्या मुलांकडे देतात. बिल एक झेल घेतो, आणि मित्र आनंदानें नाचत असतां तिकडे विरुद्ध पक्षाचे गडी धांवा काढून मोकळे होतात.

त्या वर्षीं आठवीच्या खेळाचा तास मजकडे होता. दोन तरबेज मुलें संघ निवडीत. मी झाडाखालीं वह्या तपाशीं. शेवटीं उरणारा मुलगा बोलतांना अडखळे. त्याला मीं कप्तान नेमलें, तर खालीं पाहून तो म्हणाला, "सर, मी धांवा लिहितों. तें मला जमतें." मी ओशाळलों. तिसऱ्या आठवड्यांत मात्र तो आपण होऊन पुढें आला. पहिला गडी त्यानें निवडला तो, एरवीं त्याच्या अगोदर कसाबसा निवडला जाणारा मुलगा.

त्याचा संघ हरला. मीं त्या दिवशीं एकही वही उघडली नाहीं.