घाट चढून आलेल्यांचं जुन्नर

सुट्टी लागली की आपल्या घरांत ठरलेली नावं निघतात. अजमेर, हैदराबाद, आग्रा. जवळ जायचं तर खुलताबाद. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मंचरहून तासाभराच्या अंतरावरचं जुन्नर निवडलं. नणंद तिथेच दिलेली, त्यामुळे दोन दिवसांच्या मुक्कामाची सोय होती. मुलगी नववीत, मुलगा सहावीत, सोबत सासूबाई.

जुन्नरच का, याला कारण होतं. मुलाने एकदा शाळेतून आल्यावर विचारलं, "अम्मी, आपण बाहेरून आलोय का? मुलं म्हणतात." असल्या प्रश्नाला दोन वाक्यांचं उत्तर पुरत नाही. जागेवर नेऊन दाखवावं लागतं.

पहिल्या दिवशी सकाळी शिवनेरी. सात दरवाजांची चढण. तिसऱ्या दरवाजाशी सासूबाई सावलीत बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही जा, तोवर माझी तस्बीह होईल." वर गंगा-जमुना टाक्यांचं थंड पाणी बघितलं आणि शिवजन्मस्थानी गेलो. 1630 मध्ये महाराजांचा जन्म झाला, तेव्हा हा किल्ला निजामशाहीचा होता. वडील शहाजीराजे त्या दरबारातले मोठे सरदार. गडावरच पाण्याच्या टाक्यावर बांधलेली कमानी मशीद आहे. तिचे दोन मिनार एका मोठ्या कमानीने जोडलेले. वरच्या अंगाला ईदगाहही आहे. मुलगी म्हणाली, "पुस्तकात किल्ल्याचं चित्र आहे, पण त्यात ही कमान नाही." मी म्हटलं, "म्हणून तर आलो."

दुपारी नणंदेकडे मासवडी आणि बाजरीची भाकरी. नावात मासा आणि ताटात बेसन, हे पाहून धाकट्याची चांगलीच फसगत झाली. जेवणं झाल्यावर नंदोई आम्हाला हापूसबागेत घेऊन गेले. हे नाव 'हबशी बाग'वरून आलं असं सांगतात. तिथला सौदागर घुमट बघत मी मुलांना मलिक अंबरची हकिकत सांगितली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा वजीर होतो आणि मुघलांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये रोखून धरतो. त्याच्या काळात काही वर्षं राजधानी जुन्नरलाच होती. त्याही आधी, 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली, तेव्हाचं पहिलं ठाणंही हेच.

संध्याकाळी अंगणात अफानासी निकितिनची गोष्ट रंगली. हा रशियन व्यापारी बहामनी काळात, 1470 च्या आसपास, चौल बंदरातून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात इथे राहिला. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या खानाने काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. तेव्हा खुरासानचा एक ख्वाजा मध्ये पडला. त्याने घोडाही सोडवला आणि निकितिनचा धर्मही राखला. सक्ती करणारा आपल्यातला होता आणि सोडवणाराही आपल्यातलाच. मुलांना मी दोन्ही सांगितलं. एकच अर्धं सांगणारा इतिहास मला शिकवायचा नाही.

जुन्नरचे कागदी हे मुसलमान कारागीर. त्यांनी हाताने बनवलेला 'जुन्नरी कागद' मराठी दफ्तरांत वापरला जाई. मोडीतले हिशेब, पत्रं, सनदा अशा कागदावर लिहिल्या गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे लिहिणारा एक आणि कागद देणारा दुसरा."

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. जुन्नरहून माथ्यापर्यंत गाडी जाते. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं. सोपारा-कल्याणच्या बंदरांवरून माल याच वाटेने वर चढून जुन्नर-पैठणकडे जाई. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख आहे. बाहेर दगडी रांजण. त्यात जकात टाकत असं म्हणतात. जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांत यवनांनी, म्हणजे परदेशी माणसांनी, दिलेल्या दानांचेही शिलालेख आहेत.

धाकटा बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "एवढे सगळे बाहेरून आले?"

"काही आले, काही इथलेच. आपलेही बरेचसे पूर्वज इथल्याच मातीतले. पण आलेल्यांचं नाव का राहिलं, सांग बरं?"

तो विचार करून म्हणाला, "त्यांनी काहीतरी दिलं म्हणून. लेणी, कागद."

मला हवं होतं ते त्याने स्वतःच शोधलं. आता कुणी तो प्रश्न विचारला, तर तो भांडणार नाही आणि मान खालीही घालणार नाही, जुन्नरबद्दल सांगेल.

जाणार असाल तर पावसाळा सरल्यावर जा. शिवनेरी सकाळी लवकर चढा आणि पाणी जवळ ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही न्या. ती दरवाजाशी बसली तरी त्यांच्या तोंडून एखादं मोलाचं वाक्य निघतं. मुलांना प्रश्न विचारू द्या आणि उत्तराची घाई करू नका.