धार कोण काढणार?



आमच्या आक्काला जाऊन येत्या चैत्रात वर्ष होईल. आक्का म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. रक्षाविसर्जनाला जमलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, "लई कष्टाची बाई." खरंच होतं ते. पण कष्टाळू म्हटलं की आपण मान डोलावतो आणि पुढच्या विषयाकडे जातो. त्या शब्दात दिवसाचे तास दिसत नाहीत. म्हणून आज ते तास लिहून ठेवावेत असं वाटलं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेकाठी. आक्काचं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळे माहेरची माणसं आली की ती कानडीत बोलायची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा घरात चौदा माणसं, दोन म्हशी आणि एक गाय होती. माणसं पुढे कमी झाली, पण म्हशी पंचावन्न वर्षं दोनाच्या खाली कधी आल्या नाहीत.

पहाटे चारला ती उठायची. शेण काढायचं, वैरण टाकायची, मग धार. वासराला आधी पाजल्याशिवाय ती भांड्याला हात लावत नसे, आणि दोन सडं कायम वासराची. दूध कमी पडलं म्हणून आजोबा कधी कुरकुरले तर म्हणायची, "आई त्येची हाय, आपली न्हवं." अहिंसा हा शब्द तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. दोन सडांचा हिशेब मात्र रोज पाहिला.

दूध डेअरीला पोचवून आली की आंघोळ, मग विहिरीचं पाणी. दुहेरी जाड कापडातून गाळायचं आणि गाळण्यात राहिलेलं थोडं पाणी परत त्याच विहिरीत अलगद सोडायचं, म्हणजे त्यातले जीव आपल्या ठिकाणी परत जातात. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं चालतं. त्यानंतर पुन्हा गाळायचं, नाहीतर तापवून ठेवायचं. चौदा माणसांना दिवसभरात पाणी किती लागत असेल, तुम्हीच हिशेब करा. मैत्रिणींनो, "आमच्या घरात पाणी गाळूनच पितात" असं आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा ते गाळत कोण होतं हे सांगायचं राहून जातं.

मग देवळात दर्शन. दर्शन झाल्याशिवाय तोंडात घास नाही. घरी येऊन चुलीवर भाकऱ्या, त्यातल्याच बांधून घेऊन शेतात, दुपारभर भांगलण आणि येताना डोक्यावर वैरणीचा भारा.

खरी धावपळ संध्याकाळी. जेवण सूर्य बुडायच्या आत. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि म्हशींची वेळही तीच. आक्का साडेचारलाच भाकऱ्या उरकायची, पोरांना वाढायची, शेतातून आलेल्या पुरुषांना वाढायची, तोवर म्हशी ओरडू लागायच्या. धार काढून हात धुतले की अनेकदा बाहेर अंधार पडलेला असायचा. मग तिचं जेवण राहायचं. पाणीसुद्धा नाही, थेट दुसऱ्या दिवशी दर्शनानंतर.

माझी एक काकू तिला एकदा कौतुकाने म्हणाली, "आत्ती, तुमचे किती उपवास झाले असतील, किती पुण्य!" आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यो उपास न्हवं बाई. उपास ठरवून करत्यात. हे नुसतं जेवण ऱ्हाईलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला व्रत आणि उपासमार यांतला फरक नीट माहीत होता, इतकंच. दशलक्षणात, भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी, ती दहा दिवस एकाशन करायची आणि अनंत चतुर्दशीला निर्जळी उपवास. तो तिने ठरवून केलेला, आनंदाने केलेला. त्या दिवशीही गोठ्यात जायचीच. "म्हशीला दशलक्षण कळतंय व्हय?" असं म्हणून बादली उचलायची.

आक्काला आयुष्यात एकच यात्रा करायची होती, श्रवणबेळगोळची. गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक बघायचा होता. तो साधारण बारा वर्षांनी येतो. आमच्याकडे लोक तिला समजवायचे, "अगं, कुंभोजचा बाहुबली जवळच आहे की." कुंभोजची 28 फुटी मूर्ती आम्हाला खरंच जवळची. आक्का तिथे दर पौर्णिमेला जायची, पण सकाळची धार काढून, आणि संध्याकाळच्या धारेला परत. श्रवणबेळगोळ तसं करता येत नाही. तिथे जायचं तर दोन रात्री घराबाहेर.

1967 साली माझे वडील तीन महिन्यांचे होते. 1981 साली, मूर्तीला हजार वर्षं पूर्ण झाली म्हणून मोठा सोहळा झाला, गावातून गाड्या भरून गेल्या. त्या वर्षी आत्याचं लग्न होतं आणि एक म्हैस व्यायला झालेली. 1993 साली आजोबांना अर्धांगवायू झाला होता. प्रत्येक वेळी कारण वेगळं, पण घरात प्रश्न एकच विचारला गेला, "तू गेलीस तर धार कोण काढणार?" गंमत म्हणजे हा प्रश्न सगळ्यांत आधी तीच विचारायची. दुसरं कुणी विचारायच्या आत.

डेअरीत सभासद म्हणून नाव आजोबांचं होतं. दर दहा दिवसांनी बिल त्यांच्या नावावर निघायचं. त्याच बिलातून दोन आत्या मॅट्रिकपर्यंत शिकल्या, वडिलांच्या कॉलेजची फी गेली, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी गेली. देवळातल्या फरशीवर वर्गणीदार म्हणून आजोबांचं नाव कोरलेलं आहे. त्यात कुणी काही वावगं केलं असं नाही. तेव्हा तसंच असायचं.

2005 चा महापूर आला. आठ दिवस गाव पाण्यात. जनावरं वेळेत हलवली म्हणून वाचली, पण गोठ्याची भिंत पडली आणि वैरण कुजली. काकांनी म्हशी विकल्या आणि पुन्हा घेतल्या नाहीत. आक्का तेव्हा सत्तरीची. पुढचे काही महिने ती पहाटे चारला उठून रिकाम्या जागेकडे बघत जप करत बसायची.

2006 च्या फेब्रुवारीत पुन्हा महामस्तकाभिषेक झाला. तो आम्ही टीव्हीवर पाहिला. गर्दी ओसरल्यावर मार्चमध्ये गावातल्या मंडळींनी गाडी ठरवली तेव्हा आक्का स्वतःहून म्हणाली, "मी येतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी येतो, मी करतो. मीही बरोबर गेले.

विंध्यगिरीला सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत, कातळात खोदलेल्या. डोली करू म्हटलं तर तिने ऐकलं नाही. "माणसाच्या खांद्यावर बसून देवाकडं जाऊ व्हय?" थांबत थांबत, णमोकार म्हणत ती अनवाणी वर आली. सुमारे 57 फुटांची ती मूर्ती समोर आली तेव्हा काही न बोलता हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

परतताना, मूर्तीच्या अंगणाबाहेर समोरच, एका म्हातारीची मूर्ती आहे. तिची गोष्ट तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. चामुंडरायाने ही मूर्ती घडवून घेतली आणि पहिल्या अभिषेकाला घड्यांनी दूध ओतलं, पण ते मूर्तीच्या पायांपर्यंत पोचेना. तेव्हा एक म्हातारी वांग्यासारख्या छोट्या फळाच्या करवंटीत थोडंसं दूध घेऊन आली आणि तेवढ्या दुधाने सगळी मूर्ती न्हाऊन निघाली. ती कुष्मांडिनी देवी होती, चामुंडरायाचा अभिमान उतरवायला आली होती, असं सांगतात. तिचं नाव गुल्लकायज्जी.

आक्काला नाव समजावून सांगावं लागलं नाही. कानडी तिचीच भाषा. "गुल्लकाय म्हंजी फळ, अज्जी म्हंजी आजी. फळवाली आजी. हे काय नाव न्हवं," ती म्हणाली. मग मूर्तीच्या हातांकडे बघून म्हणाली, "एवढंसंच दूध. वासराला पाजून उरलंय वाटतं."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. तिचा बोध आपण मुलांना सांगतो तो अभिमान सोडण्याचा, आणि तो बरोबरच आहे. पण ते दूध पहाटे कुणीतरी काढलं असेल, वासराचा वाटा सोडून काढलं असेल, हे मला आक्काने दाखवलं. आपल्या घरांतला धर्म बराचसा अशाच हातांनी पेलला आहे. गाळलेलं पाणी, निवडलेलं धान्य, वेळेत झालेला स्वयंपाक, मुनिमहाराज आले की लावलेला चौका. आपण पाळतो तो नियम, आणि तो पाळता यावा म्हणून कुणीतरी चारला उठतं.

आता बारा वर्षांच्या हिशेबाने पुढचा योग 2030 च्या सुमारास आहे. मागच्या आठवड्यात आईला फोनवर म्हटलं, या वेळी आपण अभिषेकालाच जाऊ. आई म्हणाली, "बघू गं. तुझ्या बाबांच्या गोळ्या, जेवणाच्या वेळा, कोण बघणार?"

आमच्याकडे आता म्हशी नाहीत, प्रश्न मात्र तोच आहे. या वेळी तो आईवर सोडायचा नाही असं मी आणि भावाने ठरवलं आहे. भाऊ चार दिवस गावी राहणार, गोळ्यांचा डबा त्याने आत्तापासूनच समजून घेतला आहे. भाजी-भाकरी शिकायला त्याच्याकडे अजून बराच वेळ आहे.

तुमच्या घरात एखादी यात्रा अशीच राहिली असेल, तर जी राहिली तिला "चल" म्हणण्याआधी तिचं काम कोण करणार ते ठरवा. मग ती नाही म्हणणार नाही.