आकाशातला चौविहार

सिंगापूरहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान १८ तासांहून अधिक काळ जमिनीला टेकत नाही. मध्यरात्री उड्डाणानंतर जैन जेवण समोर आले, तेव्हा आजींनी हात जोडून ते परत केले. केबिनच्या हवेत आर्द्रता जेमतेम १० ते २० टक्के. ओठ सुकले, पण चौविहारात पाणीही वर्ज्य. विमान पूर्वेकडे धावत असल्याने पॅसिफिकवर सूर्य लवकर उगवला. इतरांच्या झोपेसाठी खिडक्यांच्या झडपा बंदच होत्या; आजींनी मात्र आपली बोटभर उघडी ठेवली. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी पारून त्या खाकरा जेवल्या, पोटभर पाणी प्यायल्या. तिथला दिवसही आखूडच. घड्याळ सिंगापूरचे मानावे की न्यूयॉर्कचे, असे नातवाने विचारले. आजींनी फटीतून मावळतीकडे कललेला सूर्य दाखवला आणि पाण्याचा आणखी एक पेला मागितला.