माळ्यावरची मोड

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरची मोड खाली उतरते. पूर्वी या मोडीत काय असायचे? तुटका कंदील, स्टोव्हचा बर्नर, बूड गेलेली घमेली. आता वीज आली, विजेमागून यंत्रे आली, आणि यंत्रांचे आयुष्य आपल्या आजेसासूच्या तांब्या-पितळेइतके थोडेच असते? आमच्या माळ्यावरून एका वर्षी दोन मिक्सर, तीन पंखे, एक इस्त्री आणि एक डबा टीव्ही उतरला. परसात गंजलेला फ्रिज उभा होता तो वेगळाच.

अशा वस्तूंना बहुतेक घरी दोनच वाटा असतात. एक भंगारवाल्याच्या काट्यावर, दुसरी पोरांच्या हातोडीखाली. पहिल्या वाटेने चांगला भाग लोखंडाच्या भावाने जातो. दुसऱ्या वाटेने भाग जातोच, वर एखाद्या पोराचा डोळा जायची भीती. तिसरी वाट आहे ती वस्तू शांतपणे उकलण्याची. आमच्या घरात हे काम गेली वीस-बावीस वर्षे माझ्याकडे आहे. बाईमाणसाने पाना-पक्कड हातात धरलेली पाहून सुरुवातीला लोक हसले. आता तेच लोक पंख्याचा कंडेन्सर आहे का म्हणून विचारायला येतात.

ही विद्या मला मामंजींनी दिली. ते ऑइल इंजिनाचे जाणकार. रात्री इंजिन उघडले की बत्ती धरायला मला बसवीत. सोडलेला प्रत्येक नट परातीत ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडायचा, हा त्यांचा शिरस्ता. आणि काहीही उघडण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असे, "यातलं काय पाहिजे तुला?" उत्तर देता आले नाही तर ते पाना परत पेटीत ठेवून देत. उगीच उघडलेली वस्तू म्हणजे ना ती वस्तू, ना भंगार, असे त्यांचे म्हणणे. त्या एका प्रश्नाने आमच्या घरातले किती अपघात टळले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आता कामाची रीत सांगते. पहिली गोष्ट म्हणजे नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन सॉकेटमधून काढायची आणि वायर पिनेपासून कापून टाकायची. उघडलेले यंत्र कोणी चुकून जोडायला नको. दुसरी गोष्ट कंडेन्सरची. विहिरीच्या मोटारीच्या पेटीतला कंडेन्सर आपण सगळेच जाणतो. वीज तोडली तरी त्याच्या पोटात ती साठून राहते आणि हात लावणाऱ्याला झटका देते. पंख्याच्या, कपडे धुण्याच्या यंत्राच्या कंडेन्सरचेही तेच. त्यावर सोपा उपाय आहे. साठ वॅटचा जुना पिवळा दिवा होल्डरमध्ये बसवून त्याला दोन वायरी जोडाव्यात, वायरींचे प्लॅस्टिक धरून त्यांची टोके कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना पाच-दहा सेकंद लावून ठेवावीत. दिवा चमको वा न चमको, साठलेली वीज त्यातून निघून जाते. एलईडी दिवा या कामाला चालत नाही. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

तिसरी गोष्ट जागेची. गोठ्यात, गोठ्याच्या दारात किंवा कडब्याच्या गंजीजवळ हे काम कधी करू नये. त्याचे कारण पुढे येईलच. मी पडवीत जुने धोतर अंथरते. काम संपले की चारही टोके उचलून सगळे तुकडे एका डब्यात. धोतर पांढरे असले म्हणजे बारीकशी तारसुद्धा दिसते.

सर्वांत निर्धोक आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे छताचा पंखा. त्याच्या आत दोन बेअरिंगे असतात आणि त्यांवर आकडा कोरलेला असतो. हा आकडा वाचता येणे म्हणजे अर्धे काम झाले. शेवटी ०० असेल तर आतले भोक १० मिलिमीटरचे, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे त्या आकड्याला पाचाने गुणायचे. म्हणजे ६२०४ असेल तर भोक २० मिलिमीटर. पंख्यात बहुधा ६२०१, ६२०२ अशी बेअरिंगे सापडतात. बोटावर फिरवून पाहावे. खरखर करील ते टाकून द्यावे. गुळगुळीत फिरेल ते पेट्रोलने धुऊन, ग्रीस भरून ठेवावे. मात्र ते धुणे उघड्यावर, आणि विडीकाडीवाल्याला चार हात दूर बसवून. आमच्या सायकल कोळप्याच्या चाकात असेच पंख्याचे बेअरिंग बसले आहे. पंख्याचा कंडेन्सर दुसऱ्या पंख्याला चालतो, पण त्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा आणि व्होल्टचा आकडा कमी नको. फुगलेला किंवा चिकट पाझर आलेला कंडेन्सर ठेवू नये.

मिक्सरमधून कार्बन ब्रश, जार बसवायचा कपलर, बटण आणि बुडाचे रबरी पाय निघतात. कार्बन ब्रश दुसऱ्या मिक्सरला लावताना लांबी-रुंदी जुळवून पाहावी आणि दोन्ही एकदम बदलावेत. काही तरुण मिक्सरच्या मोटारीला सहाणेचा दगड लावून विळे-खुरपी घासायचे यंत्र करू पाहतात. ते मुळीच करू नये. ही मोटार भाराशिवाय मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांच्या घरात पळते. दगड तेवढ्या वेगासाठी केलेला नसतो. तो फुटला तर गोफणीच्या धोंड्यासारखा अंगावर येतो.

जुनी इस्त्री उघडली तर आत चकचकीत पापुद्रे दिसतात. ते अभ्रक, त्याने काही होत नाही. पण फार जुन्या इस्त्रीत पांढरट, दोरखंडासारखे किंवा पुठ्ठ्यासारखे तंतुमय काही दिसले, तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ छातीत गेली की कायमची बसते. ते खरवडू नये, इस्त्री तशीच बंद करून द्यावी.

स्पीकरच्या पेटीतून निघणारे लोहचुंबक तर शेतकऱ्याला फारच मोलाचे. कुट्टीत, पेंडीत किंवा भुश्शात खिळा नाहीतर तारेचा तुकडा असतो. जनावर चारा न चावता गिळते, तार जाळीपोटात अडकते आणि तिथून पुढे हृदयापर्यंत टोचत जाते. दावणीवरची दुभती गाय अशी गेलेली आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. स्पीकरचे चुंबक दोरीला बांधून गव्हाणीतल्या कुट्टीतून आणि भुश्शाच्या पाटीतून रोज एकदा फिरवावे. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात दोन खिळे आणि एक सुई निघाली. मात्र चुंबक लोखंड ओढते, तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम ओढत नाही. जनावरांचे डॉक्टर गाईच्या पोटात चुंबक सोडतात, त्याचेही तसेच. म्हणून उकलताना पडलेला तांब्याच्या तारेचा तुकडा खिळ्यापेक्षाही वाईट. गोठ्याजवळ काम करू नये म्हटले ते याचसाठी.

आणि बॅटरी! शेजारच्या वस्तीवर ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फोडून शिशाच्या पट्ट्या काढल्या आणि रिकामे टरफल उकिरड्याजवळ टाकले. शिशाची चव जनावराला गोडसर लागते. तिथली कालवड ते चाटत होती. चौथ्या दिवशी ती आंधळ्यासारखी भिंतीला डोके टेकून उभी राहिली, दात खाऊ लागली, आणि दोन दिवसांत गेली. डॉक्टर आले, पण उशीर झाला होता. त्या पट्ट्यांना जे पैसे आले त्यात कालवडीचे दावेसुद्धा आले नसते. तेव्हा ट्रॅक्टरची असो, इन्व्हर्टरची असो, बॅटरी फोडायची नाही. नवी घेताना जुनी दुकानात परत द्यायची.

आता न उघडायच्या वस्तूंची यादी सांगते, कारण खरी विद्या तीच आहे. तो डबा टीव्ही खाली उतरला तेव्हा माझा पुतण्या, वय तेरा, हातोडी घेऊन तयारच होता.

"काकू, ह्यात लई तांबं आसतंय म्हणं. फोडू का?"

मी मामंजींचा प्रश्न त्याला विचारला. "यातलं काय पाहिजे तुला?"

"तांबं."

"आन् ते कुठं बसलंय?"

त्याने मागच्या जाळीतून वाकून पाहिले. तांब्याचे वेटोळे काचेच्या मोठ्या नळीच्या मानेवर बसलेले असते, आणि मान ही त्या काचेची सगळ्यांत नाजूक जागा. आत हवा काढून घेतलेली पोकळी असते. तिथे घाव बसला की काच आत ओढली जाऊन चहूकडे उडते. त्याच काचेत शिसे मिसळलेले असते, आणि टीव्ही बंद असला तरी नळीत हजारो व्होल्टची वीज दडून राहू शकते. हे सगळे त्याला समजावून सांगितले. पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "आवो मग भंगारवाला कसा फोडतो?" त्या प्रश्नाचे उत्तर मला फार जड गेले. तोही कोणाचा तरी मुलगाच असतो, एवढेच मी म्हणाले.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, १९८२ साली रंगीत चित्र आले. त्या काळापासून पुढे तीसेक वर्षे घरोघर हेच डबे आले आणि आजही माळ्यावर पडून आहेत. आमचा डबा आम्ही न उघडता नवा टीव्ही घेताना दुकानात परत दिला.

मायक्रोवेव्हची भट्टीही उघडू नये. तिच्यातला कंडेन्सर दोन हजार व्होल्टच्या घरातला, आपल्या दिव्याच्या युक्तीचे ते काम नव्हे. ट्यूबलाइटच्या नळीत पारा असतो, ती फोडू नये. चोक आणि पट्टी तेवढी काढून घ्यावी.

फ्रिजच्या आतले कप्पे, जाळ्या, भाजीचा डबा काढून घ्यावा, पण नळी कापू नये, काँप्रेसर उपटू नये. फार जुन्या फ्रिजमधला वायू आभाळातल्या ओझोनच्या थराला मारक, म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलला जगातल्या देशांनी करार केला आणि तो हळूहळू बंद झाला. पुष्कळशा नव्या फ्रिजमधला वायू स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा आहे. तो वायू काढून घ्यायला फ्रिजचा कारागीर हवा. आणि फ्रिज परसात ठेवायचा झाला तर आधी त्याचे दार बिजागरीतून काढावे. लपंडाव खेळताना मूल आत बसले आणि दार लागले तर आत हवा येत नाही, हाक बाहेर येत नाही. अशी मुले गेली म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा करावा लागला, की फ्रिजचे दार आतून ढकलून उघडता आले पाहिजे. आपल्या परसाला कायद्याची वाट कशाला? कारागिराने वायू काढून नेल्यावर बिनदाराचा फ्रिज आडवा ठेवला की गांडूळखताला उत्तम हौद होतो. आमचा तसाच आहे.

शेवटची गोष्ट ओढ्याकाठच्या धुराची. वायरी जाळून तांबे काढायची पद्धत आपल्याकडे फार. वायरीच्या प्लॅस्टिकचा तो काळा धूर म्हणजे घशाला जाळणारा आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषे. ती गवतावर बसतात, गवतातून दुधात उतरतात. जाळलेले तांबे काळे पडते म्हणून भावही कमी येतो. वायर पाटीवर धरून ब्लेडने उभी चिरली तर तांबे लखलखीत निघते. पुतण्याला मी हेच काम दिले. संध्याकाळपर्यंत त्याने जे तांबे काढले, त्यात त्याची वहीपेनाची सोय झाली आणि ओढ्याकाठी गेलेले त्याचे दोन मित्रही दुसऱ्या दिवशी पडवीत येऊन बसले.

उरलेल्या मालाचे काय, असे कोणी विचारील. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी वस्तू बनवणाऱ्यांवरच तिच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा नवी वस्तू घेताना जुनी परत घेता का, हे दुकानदाराला विचारायला लाजू नये. आठवडी बाजाराला चार घरांनी मिळून एका टेंपोत माल नेला तर भाडेही जड जात नाही.

आता सूनबाईही माझ्याबरोबर पडवीत बसते. परवा तिने वहीचे एक पान भिंतीला चिकटवले. डाव्या बाजूला उघडायच्या वस्तू, उजव्या बाजूला न उघडायच्या. "आत्या, उजवी बाजूच लांब झाली की!" म्हणाली. मी म्हटले, होऊ दे. आपणही घरात असे एक पान लावावे, आणि आपल्याकडे कोणत्या जुन्या वस्तूचा कोणता भाग शेतात वा घरात उपयोगी पडला ते जरूर लिहून कळवावे. आमच्या भिंतीवर डाव्या बाजूला अजून जागा आहे.