पाचटाचा भाव
पाचगणीच्या पारशी पॉइंटवरून खाली कृष्णेचं खोरं दिसतं. आमच्या लहानपणी हिवाळ्यात तिथून धूर उठायचा तो गुऱ्हाळांचा. चरकातून निघालेली चिपाडं खळ्यावर पसरायची, दोन दिवस ऊन खाऊ द्यायची, आणि त्यांच्याच जाळावर पुढचं आधण उकळायचं. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या गड्याचं सगळं ध्यान काहिलीकडे. जाळ कमी पडला तर रस आटत नाही, जास्त झाला तर गूळ करपतो. गुऱ्हाळासाठी लाकूड विकत आणलेलं मी कधी पाहिलं नाही. वाढं जनावरांना, राख भांड्यांना, उरलीसुरली परसातल्या वांग्यांवर. यातल्या कशाचाच बाजार नव्हता. भाव असायचा तो ज्वारीच्या कडब्याला, शेकड्यावर.

पुढे ऊस भुईंजच्या किसन वीर कारखान्याला जाऊ लागला आणि चिपाडं शेतकऱ्याच्या हातून सुटली. कारखान्यात त्यांचं बगॅस होतं, त्यावर बॉयलर पेटतो, वीज होते. साखर, बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या एकत्रित किमतीतला 70 टक्के वाटा ऊसवाल्याचा, असं साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीने 2012 साली मांडलं. मला ते तेव्हा रास्त वाटलं, आजही वाटतं.

शेतात उरायचं ते पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला. तोड झाली की काडी लावायची, हीच रीत. आता बेलर फिरवून त्याच्या गाठी बांधता येतात. ब्रिकेटवाल्यांना ते हवं असतं, आणि 2018 साली केंद्राने बायोगॅसची ‘सतत’ योजना आणल्यापासून तिथेही त्याचं नाव निघतं. पण पाचट हलकं. ट्रॉली भरते, काटा भरत नाही. गाठी बांधण्यात आणि वाहतुकीतच पैसा जिरतो.

शिवाय एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तरी 15 ते 20 किलो होतं, पालाश त्याहून जास्त. जाळलं तर नत्र आणि कर्ब हवेत जातात, विकलं तर पालाशही गाडीत बसून जातं. खोडवा ठेवायचा असेल, तर माझ्या मते पाचट विकूच नये. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून ते सरीतच दाबावं. खोडवा मोडून नांगरट करायची असेल, तिथलं पाचट खुशाल द्यावं. मात्र भाव बोलताना गाडीबरोबर जाणाऱ्या पालाशाची किंमत आधी धरावी.