पाण्याचा रंग

सातवीत असताना ‘आपले गाव’ हा विषय चित्रासाठी मिळाला. आम्ही दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, निळी नदी आणि काठावर नारळाची झाडे असे ठरीव दृश्य रंगवून दिले. चित्रकलेच्या गुरुजींनी ते निरखून एवढेच विचारले, “इंदुरात नारळ कुठे पाहिलेस रे?” वर्ग हसला, आम्ही ओशाळलो.

रविवारी कागद घेऊन कान्ह नदीकाठी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर बसलो. कमान चार वेळा खोडली. कागद फाटू लागला. पाणी निळे नाही, शेवाळी-काळपट आहे, हे रोजच्याच त्या वाटेवर आम्हांस प्रथम दिसले. चित्रकार ना. श्री. बेंद्रे याच शहरात देवळालीकरांच्या हाताखाली घडले, हे तेव्हा कुठे ठाऊक होते! गुरुजींनी दहापैकी सहा गुण दिले. एवढा आनंद पुढे एम. ए. झालो तेव्हाही झाला नाही.

आज चित्रकलेचा तास गणिताला देणाऱ्या कागदावर मुख्याध्यापक म्हणून सही आमचीच असते. परवा एक विद्यार्थिनी अर्धे चित्र घेऊन आली आणि पुढचा तास कधी, असे भीतभीत विचारू लागली. चित्रातली नदी अजून रंगवायची होती. आम्ही शिपायाकडून वेळापत्रक मागवून घेतले.